रानातला ससा घरी आणू नका

ज्वारीची काढणी सुरू झाली की आपल्या वर्गात एक तरी सशाचं पिल्लू येतं. कुणी दप्तरात आणतो, कुणी टोपीत. सगळे भोवती गोळा होतात आणि आणणाऱ्याचा भाव वधारतो. मागल्या सुगीत तो मान माझा होता, म्हणून लिहितो.

आमच्या रानात ताटांच्या बुडाशी एक पिल्लू बसलं होतं. मुठीएवढं. डोळे टकाटका उघडे, अंगावर दाट केस, पण पळेना. मला वाटलं, बिचाऱ्याला आई नाही. घरी आणून डालग्याखाली ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. पहिल्या दिवशी प्यालं. दुसऱ्या दिवशी हगवण लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी डालगं उचललं, तर ताठ झालेलं.

आबा तेव्हा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी म्हणाले, "तू पिल्लू आणलंस त्या सांजंला मी राखणीला व्हतो. मोठी सशीण तिथंच फेऱ्या मारीत व्हती."

म्हणजे त्याला आई होती! पुढे गुरुजींनी समजावून सांगितले. बाजारातला पांढरा ससा वेगळा. त्याची पिल्ले बिळात, आंधळी व बिनकेसांची जन्मतात आणि माणसाने तो पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आहे. आपला रानससा बीळ करत नाही. त्याची पिल्ले जन्मताच डोळे उघडलेली असतात व उघड्यावर गप्प बसून राहतात. आपल्या मागाने कुत्रा, कोल्हा पिल्लापर्यंत येऊ नये म्हणून आई दिवसभर लांब राहते. दिवस बुडाल्यावर येते, बहुधा एकदाच, आणि पाजून निघून जाते. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असते. आपल्या बोळ्याने ते कसे भागणार?

काही जण म्हणतील, कुत्र्यानं खाण्यापेक्षा घरी बरा. मला हे पटत नाही. कुत्रा बांधता येतो की! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा पकडणे, पाळणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या राघूलाही हाच कायदा लागतो. आमच्या गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. येडशीच्या रामलिंग अभयारण्यातल्या प्राण्यांनाच कायदा आहे, असं मीही समजत होतो.

शाळेत आलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. काढणीत पिल्लू दिसले तर भोवतालची चार ताटे दुसऱ्या दिवसापर्यंत उभी ठेवावीत. तेवढ्याने कडबा कमी पडत नाही. यंदा आबांनी कबूल केलंय. कुत्रं बांधायचं काम आईनं घेतलंय.