ऐकण्याचाही पेपर हवा

करोनाकाळातल्या ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की ‘ती दोन वर्षे वाया गेली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयांबाबत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण ज्या विषयाचा त्या काळात पार बोजवारा उडायला हवा होता, असा एक विषय म्हणजे पाश्चात्त्य सिंफनी संगीत. ऐंशी-शंभर वादक खांद्याला खांदा लावून बसणार, त्यातले पुष्कळसे तोंडाने वाद्ये फुंकणार, समोर हजारभर श्रोते बंद सभागृहात दोन तास हलायचे नाहीत. साथीच्या विषाणूला याहून सोयीची जागा कोणती? २०२० च्या मार्चमध्ये जगभरची सभागृहे एकामागून एक बंद झाली ती त्यामुळेच. पाश्चात्त्य विद्यापीठांतले संगीत-रसग्रहणाचे वर्ग मात्र पडद्यावर सरकले आणि चालू राहिले. वाजवायला शिकणे थांबले, ऐकायला शिकणे थांबले नाही. या फरकाकडे ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या महाविद्यालयांनी लक्ष द्यायला हवे, कारण सिंफनी ऐकायला शिकवणारा एक खुला ऐच्छिक विषय त्यांना आज सुरू करता येईल, आणि तो कसा असावा याचा नकाशा त्या बंदीच्या काळानेच काढून ठेवला आहे.

आधी अंतराचा प्रश्न. भारतातला एकमेव व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद, ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’, २००६ मध्ये खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात उभा केला. मुंबईच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट. पण मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली कल्याणात शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते सभागृह सीएसएमटीपर्यंत ५४ किलोमीटर आणि तिथून पुढे टॅक्सीच्या अंतरावर आहे. कार्यक्रम संध्याकाळी, परतीची लोकल रात्रीची, कल्याणला उतरून रिक्षाची रांग वेगळीच. तिकिटाचे पैसे जमले तरी घरून परवानगी मिळेलच असे नाही. म्हणजे या पट्ट्यापुरते सभागृह करोनाच्या आधीही बंदच होते. २२ मार्च २०२० नंतर लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबली, ती १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा खुली झाली तेव्हा सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर अशा वेळा ठरवून मिळाल्या. संध्याकाळच्या मैफलीला जायचे तर दुपारी चारच्या आत निघावे लागले असते. (सरकारने हे संगीतद्वेषातून केले असे कोणी म्हणणार नाही.) एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तीही सवलत गेली आणि १५ ऑगस्ट २०२१ नंतर दोन लसमात्रा घेतलेल्यांनाच डब्यात पाऊल ठेवता आले.

याच काळात बर्लिनमध्ये काय झाले ते पाहा. १२ मार्च २०२० ला बर्लिन फिलहार्मोनिकने सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली रिकाम्या सभागृहात वादन केले आणि ते इंटरनेटवरून जगाला ऐकवले. पाठोपाठ आपला डिजिटल संग्रहही महिनाभरासाठी मोफत खुला केला. बर्लिनच्या सभागृहाशेजारी राहणारा रसिक आणि डोंबिवली पूर्वेच्या चाळीतला विद्यार्थी अशा तऱ्हेने एका पायरीवर आले, दोघांच्याही हातात फक्त एक पडदा. मोफत स्वरलिपींचा आयएमएसएलपी हा संग्रह तर २००६ पासूनच उपलब्ध होता. स्वस्त डेटा २०१६ नंतर घरोघरी पोचला होता. साधने सगळी होती. ती कशासाठी वापरायची हे सांगणारा शिक्षक आणि त्यासाठी गुण देणारे विद्यापीठ तेवढे नव्हते.

पण सिंफनी ऐकायला शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे? इथे बहुतेक लोक गडबडतात आणि ‘आनंद घ्यायला शिकायचे’ असे काहीतरी मोघम बोलतात. त्यापेक्षा एक नमुना घेऊ. ‘छाया’ या १९६१ च्या चित्रपटात सलिल चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांना दिलेले द्वंद्वगीत मराठी घरांत आजही गुणगुणले जाते. त्याची चाल मोझार्टच्या १७८८ मधल्या चाळिसाव्या सिंफनीच्या पहिल्या भागावरून घेतलेली आहे, हेही अनेकांना ठाऊक असते. ही माहिती सांगून आपण थांबतो. अभ्यास तिथून पुढे सुरू व्हायला हवा. गाण्यात चाल येते, अंतरा होतो, चाल परत येते. मोझार्टकडे चाल येण्याआधीच व्हायोलांची हलकी कुजबुज सुरू झालेली असते, चाल जणू आधीच चालू असलेल्या बोलण्यात शिरते. मग दुसरी एक चाल येते, मेजरमध्ये, म्हणजे आपल्या कानाला शुद्ध गंधाराची. त्यानंतर पहिली चाल एका अगदीच लांबच्या षड्जावर नेऊन ठेवली जाते, तिचे तुकडे होतात, खालची वाद्ये आणि वरची वाद्ये ते तुकडे एकमेकांकडे भिरकावतात. आणि सगळे मूळ जागी परतल्यावर ती दुसरी, सुखाची चाल पुन्हा येते, पण या वेळी मायनरमध्ये, कोमल गंधार घेऊन. तीच चाल, आणि तिचे सुख काढून घेतलेले. हे सारे सात-आठ मिनिटांत घडते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या कानावरून ते निसटून जाते.

ते निसटते याचे एक कारण आपल्या कानाच्या घडणीतच आहे. तानपुऱ्याने आपल्याला स्थिर षड्जाची सवय लावली. राग बदलेल, लय चढेल, पण ‘सा’ हलणार नाही, हा आपल्या मैफलीचा करार आहे. सिंफनीत तो करार नाही. तिथे ‘सा’च प्रवासाला निघतो, आणि तो घरी कधी व कसा परततो यावर सगळे नाट्य उभे असते. हे कोणी दाखवून दिल्याशिवाय आपल्याकडच्या चांगल्या तयार कानालाही कळत नाही, आणि दोन-तीन तासांच्या मार्गदर्शनानंतर कळू लागते. जी गोष्ट शिकवून येते आणि शिकवल्याशिवाय सहसा येत नाही, ती विद्यापीठाच्या कक्षेतली गोष्ट. शिवाय असे शिकवताना फोन थांबवता येतो, मागे नेता येतो, तीच वीस सेकंदे पाच वेळा ऐकता येतात. सभागृहात निर्देशकाला ‘जरा परत घ्या’ म्हणता येत नाही. ऐकण्याच्या अभ्यासापुरता पडदा हा वर्गाहून कमी नाही, काही बाबतीत सरसच आहे.

आता पहिला आक्षेप येईल तो परकेपणाचा. कल्याण गायन समाजासारखी शंभरीला पोचलेली संस्था ज्या गावात आहे, ज्या ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते, तिथे आपल्याच संगीताला विद्यार्थी मिळत नसताना मोझार्टचे लाड कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात गृहीत धरलेली गोष्ट चुकीची आहे: हे संगीत आपल्या कानांत बाहेरून येऊन पडायचे बाकी आहे, असे तो गृहीत धरतो. आकाशवाणीची सकाळची जी धून पिढ्यान् पिढ्या घरोघरी वाजली, ती मुंबईत आश्रयाला आलेल्या वॉल्टर काउफमान यांची. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ लिहिला तो मुख्यतः गोव्याहून आलेल्या वादकांनी. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले थोर नाव. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला बसवले. झाकिर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना २०१५ मध्ये एनसीपीएतच पहिल्यांदा वाजली. सिंफनीच्या वाद्यमेळाच्या सावलीत आपण सत्तर वर्षे गाणी ऐकत आलो आहोत, फक्त मूळ झाडाकडे मान वर करून पाहिलेले नाही. आणि वाद्यवृंदाचा पेपर घेणारा विद्यार्थी ख्यालापासून तोडला जाईल ही भीतीही मला पटत नाही. अर्धा तास एकाच गोष्टीवर कान ठेवण्याची शिस्त हीच आज दोन्हीकडची अडचण आहे. रीळ बघून अंगठा सरकवणारी पिढी बडा ख्यालही टाळते आणि सिंफनीही. ती शिस्त एका बाजूने आली तर दुसऱ्या बाजूलाही तिचा उपयोगच होईल.

विद्यापीठात हा विषय नवाच, असेही नाही. वनराज भाटिया यांचे ७ मे २०२१ ला, ऐन दुसऱ्या लाटेत, मुंबईत निधन झाले. बातम्यांत त्यांची ओळख ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’चे संगीतकार अशी आली, ती योग्यच. पण मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य शिकलेला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे घडलेला हा माणूस साठच्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचा प्रपाठक होता. भारतीय विद्यापीठाला साठ वर्षांपूर्वी हे सुचले होते. आपल्या विद्यापीठाने स्वतःच्याच माजी विद्यार्थ्याकडून ते घ्यायला हरकत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फोनवर ऐकलेली सिंफनी ही सिंफनी नव्हेच. यात पुष्कळ तथ्य आहे. डबल बेसचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि फोनच्या स्पीकरमधून इतक्या खालचे काही बाहेरच पडत नाही. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना सगळा वाद्यवृंद जवळजवळ विझतो, नुसता टिंपनीचा हलका ठोका उरतो, आणि तिथून आवाज वाढत वाढत फुटतो तेव्हा तोवर गप्प बसलेले ट्रॉम्बोन पहिल्यांदा वाजतात. शेजारी कुकरची शिट्टी झाली की टिंपनी गेली. आणि टिंपनी गेली की ट्रॉम्बोनचा धक्काही गेला. व्हिडिओ कॉलची तऱ्हा तर आणखी न्यारी होती. ती यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, तिला लांब धरलेला स्वर हा पंख्याच्या घरघरीसारखा वाटायचा आणि ती तो दाबून टाकायची. झूमला संगीतासाठी वेगळी सोय २०२० च्या सप्टेंबरात आणावी लागली ती उगाच नव्हे. एकत्र वादन तर त्यावर होतच नाही, कारण आवाज पोचायला लागणारा क्षणभराचा उशीर ताल मोडायला पुरतो. समाजमाध्यमांवर फिरलेले ते घराघरांतून वाजवणारे वाद्यवृंद म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रण करून नंतर जोडलेले तुकडे होते.

म्हणून माझे म्हणणे ‘सगळे ऑनलाइन चालेल’ असे अजिबात नाही. इयरफोन सक्तीचा करावा. चारपाचशे रुपयांच्या वायरवाल्या इयरफोनने वरच्यांपैकी पुष्कळ प्रश्न सुटतात, सगळे नाही. जे सुटत नाहीत त्यांसाठी प्रत्यक्ष वादन लागेलच, आणि त्यासाठी शंभर वादक कल्याणला आणण्याची गरज नाही. १ मे २०२० ला बर्लिन फिलहार्मोनिकने वादकांमध्ये अंतर ठेवून मालरची चौथी सिंफनी वाजवली ती एर्विन स्टाइन यांनी १९२१ मध्ये मूठभर वादकांसाठी केलेल्या आवृत्तीत. पहिल्या महायुद्धानंतरच्या कंगाल व्हिएन्नात संगीतकार शोनबर्ग यांच्या मंडळाने पैसे नसताना मोठ्या रचना ऐकवता याव्यात म्हणून अशा आवृत्त्या करून घेतल्या होत्या. गरिबीसाठी शोधलेला उपाय शंभर वर्षांनी साथीत कामी आला. तोच आचार्य अत्रे रंगमंदिरात, सावित्रीबाई फुले कलामंदिरात किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात का चालू नये? दहा-पंधरा वादक एका बसमध्ये मावतात. सत्रातून असा एक कार्यक्रम आणि नरिमन पॉइंटची एक सहल, परतीच्या बससह, एवढे अभ्यासक्रमातच लिहिलेले असावे.

खरा घोळ परीक्षेत होईल. २०२० च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर उरकल्या गेल्या. १२ तारखेला मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि त्या दिवशीच्या परीक्षाही गडगडल्या. तशा परीक्षेत सिंफनीचा विषय घातला तर ‘बीथोव्हनने किती सिंफन्या लिहिल्या’ हा प्रश्न येणार, आणि ‘नऊ’ हे उत्तर एकही सिंफनी न ऐकता देता येणार. उलट या विषयाइतकी कॉपीला दाद न देणारी परीक्षा दुसरी नसेल. वर्गात न ऐकवलेले दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण द्या आणि लिहायला सांगा: पहिली चाल कोणत्या वाद्यांनी घेतली, कितव्या मिनिटाला ती परत आली, परतताना तिच्यात काय बदलले, आणि तो बदल तुम्हाला कशामुळे कळला. पुस्तक उघडे ठेवा, फोन उघडा ठेवा. कान नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

शिकवणार कोण, हा प्रश्न राहतो. ठाणे-डोंबिवलीत पियानो, गिटार आणि व्हायोलिनचे वर्ग ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या परीक्षांसाठी मुले तयार करतात; २०२० मध्ये त्या दोन्ही मंडळांनी ध्वनिचित्रफितीवर परीक्षा घेणे सुरू केले. तिथल्या शिक्षकांपैकी काहींना स्वरलिपी उत्तम येते. चर्चमध्ये वाजवणारे आहेत. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाला, ज्याचा टाळेबंदीत सगळा मोसम बुडाला, तोही एका तासासाठी वर्गात येऊन दाखवू शकतो की हे वाद्य श्वासाला किती महाग पडते. त्याला मानधन द्यावे, आणि चांगले द्यावे. उरलेल्या भागासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घ्यायला मुभा दिलीच आहे. नोकरी काय मिळेल, असे विचारणाऱ्याला सरळ सांगावे की बहुतेकांना काही नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय घ्यायला लावला आहे तो काही नोकरीसाठी नव्हे.

दोन श्रेयांकांचे ३० तास मिळतात. त्यात सहा रचना पुरे: मोझार्टची चाळिसावी, बीथोव्हनची पाचवी, मालरची चौथी तिच्या छोट्या आवृत्तीत, ‘पेशकार’, आणि उरलेल्या दोन विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडाव्यात. संगीतकारांच्या जन्ममृत्यूच्या तारखा फळ्यावर लिहायला यात वेळ उरत नाही, आणि तो काढूही नये.