पडलेला आंबा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या परसातला रायवळ आंबा आडवा झाला. वडिलांनी लावलेला. फांद्या जळणाला गेल्या, बुंध्याचा ओंडका तेवढा तिथेच राहिला. तेव्हापासून दर गणपतीत घरात तोच वाद. "काका, ती घाण एकदा जाळून टाकू या," असं पुतण्या म्हणतो आणि सगळे माना डोलावतात. माझं मत विरुद्ध आहे. ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे घरचेही वाचतील.

मी मराठीचा मास्तर. पण विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडे. 'सूक्ष्मजीव लाकूड कुजवतात' हे वाक्य किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं असेल! निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, ते काम इतकं सोपं नाही.

लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांच्यामध्ये सिमेंटसारखं भरलेलं लिग्निन, वजनाने साधारण पाव भाग. सेल्युलोज म्हणजे एकसारख्या मण्यांची माळ, प्रत्येक गाठ तीच. लिग्निनचे मणी मुख्यतः तीन प्रकारचे आणि कसेही, कुठेही जोडलेले. ठरावीक कुलूपच नाही, तर किल्ली कुठली चालणार? म्हणून बहुतेक जिवाणू तिथे हात टेकतात.

पांढरी कूज करणाऱ्या बुरशा किल्लीच्या भानगडीत पडतच नाहीत. त्या शरीराबाहेर पेरॉक्सिडेज नावाची विकरं सोडतात. ती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने लिग्निनमधला इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो रेणू डळमळतो आणि आपला आपणच तुटतो. असं एक विकर अमेरिकेतल्या दोन गटांनी १९८३ मध्ये शोधून काढलं. गंमत म्हणजे लिग्निनने बुरशीचं पोट भरत नाही, तिला आतलं सेल्युलोज हवं असतं. आपण गऱ्यांसाठी चिकाने हात बरबटून फणस फोडतो ना, तसंच. बाजारातली धिंगरी अळिंबी याच जातकुळीतली, म्हणून ती भाताच्या पेंढ्यावर वाढते.

आमच्या ओंडक्यावर पावसाळ्यात पंख्यासारखे थर येतात. पुतण्या घाण म्हणतो ती हीच!

कुजतानाही कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण तो वर्षानुवर्षं सावकाश जातो, आणि काही भाग मातीत राहतो. जाळलं तर सगळं एका दुपारी धूर होऊन जाणार, मागे मूठभर राख. शिवाय त्यात घर केलेले किडे, गोमी, त्यांना टिपायला येणारा दयाळ... त्यांनी कुठे जायचं? आणि खरं सांगू, वडिलांचं झाड त्याच मातीत मुरावं असंही मला वाटतं. हे काही विज्ञान नाही, पण आहे.

तेव्हा यंदा काडेपेटी आणू नये. आणि मुलांना सांगा, ओंडक्यावर उभं राहायचं नाही. मध्यभागी बोट खुपसलं तर आता सहज आत जातं.