ग्वारीघाटावरची नक्कल

12 जून 2023 रोजी प्रियंका गांधींनी मध्य प्रदेशातल्या काँग्रेस प्रचाराचा नारळ जबलपुरात फोडला, तोही ग्वारीघाटावर नर्मदेची पूजा करून. जबलपूरकराला नर्मदापूजेत वावगं काय वाटणार? तिला 'मैया' म्हणतच आम्ही मोठे झालो. पण कमलनाथांच्या पक्षाने बरीच वर्षं धरलेल्या वाटेवरचं ते पुढचं पाऊल होतं. 2018 च्या जाहीरनाम्यात पंचायतीगणिक गोशाळा आणि राम वनगमन पथ आले. 2019 मध्ये सत्तेत असताना खंडव्यात गोहत्येच्या आरोपींना राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला. 2023 च्या ऑगस्टात कमलनाथांच्या छिंदवाड्यात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची कथा झाली. भाजपचा मुद्दा आपणच उचलला की त्यांच्या हाती काय उरेल, असा हा हिशेब होता. माझ्या मते तो साफ चुकला.

भाजपला युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांच्या रांगेत बसवावं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो इथे बाजूला ठेवू. मुद्दा प्रतिस्पर्ध्याचे विषय उचलणाऱ्या प्रस्थापित पक्षाच्या वागण्याचा आहे.

हिशेब चुकला म्हटलं की जबलपुरातली जुनी माणसं सेठ गोविंददासांचं नाव पुढे करतील, आणि ते रास्तच आहे. 1974 मध्ये निधन होईपर्यंत ते काँग्रेसचे इथले खासदार होते. हिंदी आणि गोरक्षण हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. लोकसभेत त्यांनी गोहत्याबंदीचं खाजगी विधेयक आणलं, तेव्हा 1955 मध्ये नेहरूंनी राजीनाम्याची भाषा करून त्याला विरोध केला आणि विधेयक पडलं. 1961 च्या फेब्रुवारीत शहरात भीषण दंगल झाली. तिचा नेहरूंना धक्का बसला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषद स्थापन झाली. तरीही पुढच्या वर्षी सेठजीच निवडून आले. जनसंघाचा जोर तेव्हा माळवा आणि ग्वाल्हेरकडे होता.

मग अनुकरण चालतं, असंच यावरून सिद्ध होत नाही का? नाही, कारण ते अनुकरण नव्हतंच. सेठजींची मतं त्यांची स्वतःची होती, जनसंघ जन्माला येण्याच्या आधीपासूनची. शिवाय त्याच पक्षाचा पंतप्रधान भर सभागृहात त्यांना 'नाही' म्हणत होता. पक्षात भांडण होतं आणि ते मतदाराला दिसत होतं. 2023 मध्ये भांडण नव्हतं, कारण भांडायला कुणी उरलं नव्हतं.

सेठजींनंतर जानेवारी 1975 च्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायणांच्या पाठिंब्यावर सत्तावीस वर्षांचे शरद यादव जिंकले. 1982 च्या पोटनिवडणुकीत आपले बाबूराव परांजपे भाजपचे खासदार झाले. 1996 पासून ही जागा भाजपकडून सुटलेली नाही.

प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा उचलण्याची ही चाल युरोपातल्या वाचकांना ओळखीची वाटेल. फ्रान्समध्ये 2007 साली सार्कोझींनी कडव्या उजव्या ल पेन यांचे विषय उचलले आणि त्यांची मतं खरोखर घटली. पाच वर्षांनी मात्र त्यांची कन्या मारीन ल पेन जवळपास 18 टक्क्यांवर गेल्या आणि सार्कोझी हरले. डेन्मार्कचं उदाहरण उलटं दिलं जातं. तिथे 2019 मध्ये सोशल डेमोक्रॅट स्थलांतराबाबत कडक झाले आणि डॅनिश पीपल्स पार्टी 21 वरून 9 टक्क्यांच्याही खाली आली. पण त्याच वेळी अंगमेहनतीने थकलेल्या कामगारांना लवकर पेन्शन देण्याचं ठोस वचनही त्यांनी दिलं होतं. मजूर पक्षाला शोभेल असं त्यांच्याकडे काहीतरी होतं.

काँग्रेसकडे तसं काहीच नव्हतं का? होतं. ग्वारीघाटाच्या पूजेनंतरच्या सभेत महिलांना महिना 1500 रुपयांची हमी दिली गेली. पण दोनच दिवस आधी, 10 जूनला, तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहानांनी याच शहरातून 'लाडली बहना' योजनेचा पहिला हजाराचा हप्ता महिलांच्या खात्यांत जमाही केला होता. पैशात सत्ताधारी पुढे आणि धर्मात तर ते मुळातच पुढे. बेरोजगारी आणि नोकरभरतीतले घोटाळे यांवर प्रचार उभा करता आला असता. पण ज्या पटावर आपण हरणार हे ठाऊक आहे, त्यावरच काँग्रेस हौसेने खेळायला बसली.

निकाल सर्वांना माहीत आहे: भाजप 163, काँग्रेस 66. जबलपूर जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी 2018 मध्ये काँग्रेसकडे चार होत्या, आता एकच राहिली. 2022 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले महापौर जगतबहादूर सिंह फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपत गेले. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या 29 पैकी 29 जागा भाजपने घेतल्या, कमलनाथांच्या छिंदवाड्यासह.