भिंतीची लांबी आणि व्याख्येचा प्रश्न

चीनच्या प्रचंड भिंतीची लांबी किती, हा प्रश्न वरकरणी केवळ मोजमापाचा वाटतो. परंतु २००९ साली चीन सरकारने मिंग राजवटीतील भिंतीची लांबी ८,८५१.८ किलोमीटर असल्याचे जाहीर केले. २०१२ साली हा आकडा २१,१९६.१८ वर गेला. तीन वर्षांत भिंत वाढली नव्हती, बदलली होती ती व्याख्या. दुसऱ्या मोजणीत सर्व राजवटींच्या तटबंदीचे अवशेष धरले गेले. पहिल्या आकड्यातही प्रत्यक्ष भिंत ६,२५९.६ किलोमीटर, खंदक ३५९.७, आणि डोंगर-नद्यांचे नैसर्गिक अडसर २,२३२.५. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कोणी बांधलेलाच नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच परका वाटू नये. संहिता कोठे सुरू होते, प्रक्षिप्त कशाला म्हणावे, हे ठरल्याशिवाय ग्रंथाची श्लोकसंख्या सांगता येत नाही. भिंतीचेही तसेच आहे. आर्थर वॉल्ड्रन यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली एकच भिंत ही कल्पना इतिहासापेक्षा मिथकाच्या जवळची आहे. छिन सम्राटाची भिंत आधीच्या राज्यांच्या तटांना जोडून उभी राहिली होती. आज छायाचित्रांत दिसणारी विटांची भिंत मिंगकालीन आहे.

'दहा हजार ली' हे तिचे परंपरागत माप इतिहासकार सिमा छियान याच्या ग्रंथातून आलेले. चिनी भाषेत 'दहा हजार' म्हणजे अगणितही. आपल्या 'सहस्र' शब्दासारखेच. एका अलंकारिक शब्दालाच पुढे मापाचे रूप आले.

व्याख्या निरुपद्रवी नसते, हेही ध्यानात घ्यावे. भिंतीचे पूर्वटोक शानहायग्वान येथे मानण्याचा प्रघात होता. २००९मध्ये ते कोरियाच्या सीमेलगतच्या हूशान येथे नेण्यात आले. तेथील अवशेष प्राचीन कोगुर्यो राज्याच्या किल्ल्याचे आहेत, असे कोरियन अभ्यासक मानतात. भिंत लांबते तेव्हा तिच्याबरोबर भूतकाळावरचा दावाही लांबतो.

मोजणी निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. काय उरले आहे हे ठाऊक नसेल तर जतन कशाचे करणार? आमचा आग्रह इतकाच की, संपादक जशी आधारभूत हस्तलिखिते सांगतो, तशी आकड्याशेजारी त्याची व्याख्याही छापली जावी.

आणखी एक माप या मोजणीत येत नाही. भिंत बांधणारा सेनापती मंग तियान मृत्यूपूर्वी म्हणाला की, आपण धरणीच्या शिरा तोडल्या, हाच आपला अपराध. सिमा छियानने स्वतः उत्तर सीमेवर जाऊन ते बांधकाम पाहिले होते. त्याने हे स्पष्टीकरण नाकारले: दोष धरणीच्या शिरांचा नव्हता, प्रजेचे श्रम क्षुल्लक मानल्याचा होता. भिंतीवर राबताना मेलेल्या पतीसाठी रडून ती कोसळवणाऱ्या मंग च्यांगची लोककथाही हेच सांगते. भिंतीचा इतिहास शिकवताना किलोमीटरांबरोबर या दोन साक्षीही विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.