चक्रवाकाचें दर्शन

चक्रवाक व चक्रवाकी दिवसा एकत्र असतात आणि रात्र पडली म्हणजे त्यांची ताटातूट होते, हा कविसंकेत संस्कृताच्या वर्गांत मीं किती वेळां समजावून सांगितला असेल याची गणती नाहीं. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आमच्या नदीवर थंडींत तांबूस बदकें येतात, तींच का हीं?" मुलगा निफाडकडचा होता. "हा काव्यांतला पक्षी आहे, तुझ्या नदीवरचा नव्हे, खालीं बस," असें सांगून मी पुढील श्लोकाकडे वळलों.

गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस नातीच्या आग्रहावरून नांदूर-मध्यमेश्वर येथें जाण्याचा योग आला. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधण्यांत आला. शेतीसाठीं अडविलेल्या त्या पाण्यांत वर्षानुवर्षें गाळ सांचला. उथळ डबकीं, बेटें व लव्हाळीं निर्माण झालीं. इंजिनिअरांच्या हिशेबीं जी तूट, ती पक्ष्यांच्या पदरीं समृद्धि ठरली. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. आणि रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा पाणथळ प्रदेश म्हणून महाराष्ट्रांत पहिली मान्यता याच स्थळास मिळाल्याचें २०२० सालीं जाहीर झालें.

सकाळीं चापडगावच्या मनोऱ्यावर चढलों. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांत चरत होत्या. चमचे आपली चपटी चोंच पाण्यांत डावीकडून उजवीकडे फिरवीत होते. तलवार बदकांचे थवे मात्र विरळ झाले होते. हिंवाळी पाहुण्यांच्या परतीचे ते दिवस. इतक्यांत नातीनें दुर्बीण माझ्या हातीं दिली. बेटाच्या कडेस नारिंगी-तांबूस अंगाचें एक जोडपें उभें होतें. नराच्या गळ्याभोंवतीं बारीक काळें कडें स्पष्ट दिसलें. विणीचा काळ जवळ आल्याची ती खूण. "आजोबा, हेच चक्रवाक," ती म्हणाली. "तुम्हीं पूर्वीं किती वेळां पाहिले?" मी निरुत्तर झालों.

हा पक्षी बहुधा जोडीनें राहतो व पुष्कळदां रात्रीं चरतो. काळोखांत पांगलेलीं नर-मादी एकमेकांस साद घालतात. विरहाची कल्पना कवींस त्या हांकांवरूनच सुचली असावी. ज्यास मी नुसता संकेत म्हणत आलों, त्याच्या मुळाशीं नदीकांठीं कोणी तरी केलेलें जागरण असेल, हें माझ्या ध्यानींही आलें नव्हतें. पोथी उघडी होती, खिडकी मात्र मिटलेली.

आतां तें जोडपें लडाख-तिबेटाकडील उंच सरोवरांवर गेलें असेल, आणि खडकांच्या कपारींत त्याचें घरटें असेल. थंडीबरोबर हे पक्षी पुन्हां येतील. वाचकहो, तेव्हां आपल्या मुलांना पाण्यावर अवश्य न्या. आणि त्यांनीं कांहीं विचारलें तर त्यांस खालीं बसवूं नका.

तो निफाडकडचा मुलगा आतां कोठें असेल, मजला ठाऊक नाहीं. त्याचें उत्तर मजकडे अजून थकलें आहे: होय बाळ, तींच हीं.