डुकराच्या मांसाचा व्यापारी व पार्लमेंटची शिस्त

आयर्लंडच्या स्वराज्याच्या चळवळीचा इतिहास वाचणारे पार्नेलपाशीं थांबतात. पार्नेल यांच्या आधीं ज्यांनीं ती वाट पाडली, त्या जोसेफ गिलिस बिगर यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. बेलफास्टला डुकराच्या मांसाचा व्यापार, पाठीला कुबड, उच्चार ओबडधोबड आणि वक्तृत्व मुळींच नाहीं, असे हे गृहस्थ १८७४ सालीं कॅव्हन परगण्यातर्फे कॉमन्स सभेंत निवडून आले व १८९० सालीं मृत्यु येईपर्यंत तेथें राहिले.

बिगर यांनीं केलें तें एवढेंच कीं, सभागृहाचे नियम जसे होते तसेच वापरले. २२ एप्रिल १८७५ रोजीं आयर्लंडवरील दडपशाहीच्या बिलावर ते उभे राहिले आणि सरकारी अहवालांतील उतारे वाचीत जवळजवळ चार तास बोलले. ऐकूं येत नाहीं अशी तक्रार अध्यक्षस्थानावरून झाली, तेव्हां ते पुस्तकें उचलून जवळ गेले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचण्याची तयारी त्यांनीं दाखविली! पार्नेल यांनीं आपली जागा घेतली ती त्याच दिवशीं. पांच दिवसांनीं बिगर यांनीं 'सभागृहांत परके लोक आहेत' असें अध्यक्षांच्या नजरेस आणलें. नियमाप्रमाणें सज्जे रिकामे करणें भाग पडलें, व त्यांत प्रत्यक्ष युवराज बसले होते. नियम जुना होता. पण एका आयरिश सभासदानें तो असा वापरतांच बदलण्याची निकड भासली, आणि लवकरच तो बदललाहि.

आयरिश पक्षाचे तेव्हांचे पुढारी आयझॅक बट हे नामांकित बॅरिस्टर. युक्तिवादानें इंग्रजांचें मन वळवितां येईल ही त्यांची श्रद्धा. अडवणूक त्यांस रुचेना. आम्हीं कायद्याचाच अभ्यास केलेला असल्यानें बटसाहेबांची अडचण आम्हांस समजते. परंतु न्यायासनापुढें युक्तिवाद चालतो तो न्यायाधीश तटस्थ असतो म्हणून. जेथें प्रतिपक्षच न्यायाधीश होऊन बसला आहे, तेथें वकिलाचें कौशल्य काय करणार?

या मार्गाची किंमत मात्र नमूद केलीच पाहिजे. १८८१ सालीं ग्लॅडस्टन सरकारच्या दडपशाही बिलावरील बैठक एकसारखी ४१ तास चालली. २ फेब्रुवारीस सकाळीं अध्यक्ष ब्रँड यांनीं, नियमांत आधार नसतां, स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा बंद केली. दुसऱ्याच दिवशीं ३६ आयरिश सभासदांस सभागृहाबाहेर घालविलें. नियमांवर बोट ठेवणारे असभ्य आणि नियमाबाहेर जाणारे शिस्तीचे रक्षक, हा न्याय आमच्या गळीं उतरत नाहीं. १८८२ सालीं चर्चाबंदीचा नियमच झाला. १८८७ सालीं आयर्लंडच्याच आणखी एका दडपशाही कायद्यासाठीं, ठराविक घटका भरतांच उरलेल्या कलमांवर मतें घेऊन टाकण्याची युक्ति निघाली.

पुढें १८९३ सालीं ग्लॅडस्टन यांनीं आयर्लंडच्या स्वराज्याचें बिल आणलें. आतां अडवणूक करीत होते कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि तीच युक्ति त्यांच्यावर चालविण्यांत आली, तीहि आयरिश सभासदांच्या बळावर. तें पाहण्यास बिगर हयात नव्हते.