रस्ता दाखवणारे घड्याळ

मोबाइल आपल्याला रस्ता दाखवतो, तो खरे तर घड्याळांच्या भरवशावर. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून तो आपले ठिकाण काढतो. उपग्रहावरचे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते! अमेरिका तर मे २००० पर्यंत नागरी जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. फुकटच्या सेवेची तक्रार करायची कुणाकडे? म्हणूनच आपल्या ‘नाविक’वरचा खर्च मला वायफळ वाटत नाही. मात्र त्याच्या पहिल्या उपग्रहांवरील घड्याळेही परदेशीच होती, आणि त्यांतली काही बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर प्रथमच देशी रुबिडियम घड्याळ बसले. उशीर झाला खरा. पण रॉकेटापेक्षा मला त्या घड्याळाचेच कौतुक अधिक वाटले.